तळघरातलं वाचनालय

वामनराव गजभिये गेल्यानंतर महिनाभराने त्यांच्या मुलाचा, कुशलचा, वडिलांच्या ओळखीतल्या हरिदास मेश्रामांना फोन आला. कुशल इंग्लंडातच, स्लाऊला राहायचा. कॉव्हेंट्रीतलं वडिलांचं घर त्याने विकायला काढलं होतं. फर्निचर गेलं, कपडे गेले, भांडीकुंडी गेली, पण पुस्तकं तशीच पडून होती.

"अंकल, बाबांचा बुक्स खूप आहे," तो म्हणाला. "सगळा मराठी. चॅरिटी शॉप नको म्हणाली. तुम्हाला पाहिजे का? नाहीतर संडेला मी टिपला नेतो."

कचऱ्याच्या टिपचं नाव ऐकून हरिदास उठून उभेच राहिले. तासाभरात ते वामनरावांच्या दारात होते. वामनराव मोटारीच्या कारखान्यात आयुष्यभर राबले होते आणि नागपूरहून बोटीने पुस्तकं मागवत आले होते. धम्मावरची पुस्तकं, परिषदांचे अहवाल, बंद पडलेल्या मासिकांचे अंक, कोणी कोणी स्वतःच्या पैशाने छापलेली आत्मकथनं, जलशांतल्या गाण्यांच्या पातळ पुस्तिका. यातली कितीतरी आता नागपुरातही मिळाली नसती. हरिदासांनी गाडीच्या तीन खेपा केल्या.

हे कानोकानी झालं. हाउन्सलोहून देविका रामटेके नावाच्या बाईचा फोन आला, तिचे वडील केअर होममध्ये गेले होते. मग बेडफर्डहून कोणाचा, मग बर्मिंगहॅमहून. प्रत्येक घरात एक म्हातारा माणूस गेलेला असे, किंवा जाण्याच्या बेतात, आणि मागे मराठी वाचता न येणारी मुलं. हरिदास सगळ्यांना एकच सांगायचे, "द्या. मी सांभाळतो."

पुढची खोली भरली. जिन्याच्या पायऱ्यांवर खोकी आली. सिंधुबाईंना व्हॅक्यूम फिरवायला जागा उरली नाही.

"अहो, हे ठेवणार कुठं?" त्यांनी विचारलं.

"खाली."

"सेलरमध्ये? तिथं कोळशाची धूळ आहे नुसती."

"धूळ काढू. वाचनालय करू, सिंधू. खुर्च्या टाकू, दिवे लावू. रविवारी उघडं ठेवू. लोक येतील, बसतील, वाचतील."

हरिदास एकाहत्तर वर्षांचे होते. हॉस्पिटलात फार्मासिस्ट म्हणून नोकरी करून निवृत्त झाले होते. नागपुरात इंदोऱ्याच्या गल्लीत एका खोलीचं वाचनालय होतं, एक टेबल, एक बाक आणि दोन वर्तमानपत्रं. गिरणीत जाणाऱ्या बापाच्या या पोराला इंग्रजी तिथे आलं होतं, रसायनशास्त्राची गोडीही तिथेच लागली होती. तसं काही आपण इथे उभं करावं हे त्यांच्या मनात किती वर्षं होतं कोण जाणे. आता जागाही होती आणि पुस्तकंही चालून आली होती.

त्यांचं घर जुन्या विटांचं, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांना चिकटलेलं. स्वयंपाकघराच्या दारातून अरुंद जिना तळघरात उतरत होता. खाली रस्त्याच्या बाजूला, पूर्वी कोळसा ओतायचे ते भोक होतं, वर लोखंडी जाळी. भिंतींचा चुना हात लावला की गळायचा. एका तळघरं करणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला. भिंतीला यंत्र टोचून म्हणाला, इथे जमिनीतून पाणी येतं, कडेने पन्हळ खणून खाली पंप बसवावा लागेल, त्याशिवाय काही करू नका.

"विकायला बसलाय, दुसरं काय सांगणार," सिंधुबाई म्हणाल्या. हरिदासांनाही तसंच वाटलं. चाळीस वर्षांत त्यांनी तळघरात थेंब पाहिला नव्हता. घराच्या फरशा त्यांनी बसवल्या होत्या, वॉलपेपर त्यांनी लावला होता, बाथरूम दोनदा केलं होतं. हेही आपणच करू असं ठरलं.

फेब्रुवारीत कामाला सुरुवात झाली. मास्क लावून हरिदास भिंती खरवडायचे आणि सिंधुबाई बादल्या वर आणायच्या. भिंती उघड्या झाल्यावर त्यांनी पाणी अडवणारा सिमेंटचा लेप ब्रशने दोनदा चढवला. त्यावर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा ठोकला, मध्ये थंडी रोखणारे फोमचे तक्ते घातले, वरून जिप्समचे प्लास्टरबोर्ड. जमिनीवर लाकडी फ्लोअरिंग. बोर्ड धरायला शशिधर यायचा. शशिधर वासनिक हरिदासांचा जुना मित्र, शाळेत फिजिक्स शिकवायचा, तोही आता घरीच. उंच असल्यामुळे त्याला खाली मान वाकवून उभं राहावं लागे.

"हे कोळशाचं भोक बुजवू नकोस," तो एकदा म्हणाला. "हवा खेळायला दुसरं काय आहे इथं?"

"थंडगार वारा येतो त्यातून. ऐंशी वर्षांची माणसं बसणार इथं, शशी. कोणाला न्युमोनिया झाला तर?"

"मग छोटा पंखा तरी बसव, बाहेर हवा फेकणारा."

"पाहू पुढे," हरिदास म्हणाले, आणि भोकात फोम भरून वर बोर्ड मारला.

सिंधुबाई आधी कुरकुरत होत्या, पण उन्हाळ्यापर्यंत त्यांनाही कामाची गोडी लागली. भिंतींना फिकट पिवळा रंग त्यांनीच निवडला आणि त्यांनीच दिला. त्या इंदोऱ्याच्याच. सातवीनंतर शाळा सुटलेली. इंग्लंडात आल्यावर हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम केलं. पुस्तकं ही नवऱ्याची गोष्ट असं त्यांनी कायम मानलं होतं. पण कपाटं तयार झाल्यावर खोकी उघडताना वामनरावांच्या पुस्तकांत त्यांना एक पुस्तिका सापडली. वीसेक पानं, निळं मुखपृष्ठ, दोन पिना. वर नाव होतं शाहीर उत्तम ढोके, इंदोरा, नागपूर.

"हा दादा," त्या म्हणाल्या.

हरिदासांनी हातातला ड्रिल खाली ठेवला. मेहुण्याने गाणी लिहिली होती हे त्यांना माहीत होतं, छापली होती हे नव्हतं. उत्तमदादा सिंधुबाईंच्या लग्नाआधी दोन वर्षं काविळीने गेला होता. त्याचा फोटो नव्हता. घरात त्याच्या हातचं काहीच राहिलं नव्हतं.

त्या दुपारी सिंधुबाई तळघराच्या शेवटच्या पायरीवर बसून एकेक गाणं चालीवर म्हणत होत्या. मध्येच चाल चुकली की थांबत, पुन्हा घेत. हरिदास फळ्या कापत होते. नंतर त्यांनी विचारलं, "ही वर आपल्या खोलीत ठेवतेस?"

"काहून? पुस्तकाची जागा वाचनालयात," त्या म्हणाल्या. "चार लोक वाचतील दादाला." आणि डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर त्यांनी ती स्वतः उभी केली.

ऑक्टोबरात, अशोक विजयादशमीच्या आदल्या रविवारी, वाचनालय उघडलं. विहारातले लोक आले, वंदना झाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. खालची खोली इतकी भरली की निम्मे लोक जिन्यावर उभे होते. सगळ्यांनी फोटो काढले. कुशल बायकोला घेऊन आला होता. "अंकल, दिस इज अमेझिंग," म्हणाला, आणि वडिलांच्या पुस्तकांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेला. सिंधुबाईंनी खीर केली होती, ती पुरली नाही. हरिदासांना इतकं आनंदात कोणी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दोघं आले. त्याच्या पुढच्या रविवारी फक्त शशिधर. मग पाऊस सुरू झाला, दिवस लहान झाले. कोणाची नातवंडं होती, कोणाचे गुडघे. हरिदास मात्र रविवारी दुपारी खाली दिवे लावून, हीटर लावून बसत. शशिधर समोरच्या खुर्चीत पेपर वाचे.

"वास येतोय का रे?" त्याने नोव्हेंबरात विचारलं.

"रंगाचा असेल."

"रंग देऊन तीन महिने झाले."

हरिदासांनी हवेतली ओल शोषणारा डिह्युमिडिफायर आणून कोपऱ्यात ठेवला. रोज त्याची टाकी भरायची आणि ते रोज ती सिंकमध्ये ओतायचे. इतकं पाणी हवेतून निघतं याचं त्यांना बरंच वाटायचं. यंत्र काम करतंय, असं ते म्हणायचे.

जानेवारीत त्यांची मुलगी रचना हिचं ऑपरेशन झालं. ती हाउन्सलोला, नवरा एअरपोर्टवर शिफ्टमध्ये, लहान मुलं. हरिदास आणि सिंधुबाई मदतीला गेले. निघताना हरिदासांनी नेहमीच्या सवयीने हीटर, गीझर, खालचा डिह्युमिडिफायरचा सॉकेट, सगळं बंद केलं. पंधरा दिवसांत परतायचं होतं. रचनाच्या जखमेत पू झाला आणि पाच आठवडे लागले. त्या दिवसांत सगळीकडे पाऊस होता. मिडलंड्समध्ये नद्यांना पूर आल्याचं टीव्हीवर दाखवत होते. त्यांचं घर नदीपासून लांब, उंचावर होतं. हरिदासांनी ते निवांतपणे पाहिलं.

परत आले तेव्हा दार उघडताच वास आला. ओल्या गोणपाटाचा. हरिदास कोट न काढताच खाली गेले. शेवटच्या पायरीवरून पाय टाकला तो लाकडी फ्लोअरिंग पिचकलं आणि फटींतून पाणी वर आलं. पाणी फार नव्हतं, घोट्याइतकंही नाही. ते जमिनीतून, भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून आलं होतं आणि जायला वाट नसल्याने तिथेच राहिलं होतं. प्लास्टरबोर्ड कमरेपर्यंत फुगून मऊ झाले होते. पिवळ्या रंगावर काळे ठिपके छतापर्यंत चढले होते.

आणि पुस्तकं. खालच्या दोन फळ्यांवरची पाणी पिऊन फुगली होती आणि फळीत इतकी घट्ट बसली होती की ओढली तर बांधणीची नुसती पाठच हातात येई. वरची कोरडी दिसत होती. त्यांनी एक उघडलं. आत करडी लव होती, हिरवी, कुठे नारिंगी. दुसरं उघडलं. तिसरं. सगळ्या फळ्यांवर तेच होतं.

सिंधुबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीकडे हात नेला. निळी पुस्तिका दोन जाड पुस्तकांच्या मध्ये होती. ती बाहेर आली तेव्हा मुखपृष्ठ शेजारच्या पुस्तकालाच चिकटून राहिलं. पिना गंजून गळल्या होत्या. पानांचा एकच गोळा झाला होता. त्यांनी नखाने एक पान सोडवायचा प्रयत्न केला, तर ते दुधावरच्या सायीसारखं बोटावर आलं.

त्या वर गेल्या. बराच वेळ नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहिला.

"सिंधू," हरिदास वर येऊन म्हणाले, "तुला काही गाणी पाठ झाली असतील."

"दादाचा आवाज आठवतो मला," त्या म्हणाल्या. "शब्द नाही आठवत."

पुढचे तीन आठवडे त्यांनी घरभर पुस्तकं वाळत घातली. रेडिएटरवर, जेवणाच्या टेबलावर, पलंगावर. पानांमध्ये किचन पेपर घातला. शशिधर येऊन ब्रशने बुरशी झाडायचा. वाळलेली पानं लाटांसारखी वाकडी व्हायची आणि दोन दिवसांत पुन्हा लव धरायची. सिंधुबाईंना खोकला लागला, मग धाप. एका सकाळी जिना चढताना त्या मधेच बसल्या आणि त्यांना बोलता येईना. अँब्युलन्स आली. वॉर्डातल्या डॉक्टरने घरात बुरशी आहे का विचारलं आणि हरिदासांनी खरं ते सांगितलं. ती सगळी बाहेर जाईपर्यंत यांना घरी पाठवता येणार नाही, डॉक्टर म्हणाला. फुप्फुसं आधीच कमजोर होती, लाँड्रीत काढलेल्या वर्षांमुळे.

मग विचार करण्यासारखं काही उरलं नाही. पण टाकण्याआधी ज्यांची पुस्तकं होती त्यांना सांगायला हवं, असं हरिदासांना वाटलं. त्यांनी सगळ्यांना शब्द दिला होता. रिकाम्या घरात ते फोन घेऊन बसले आणि पहिला कुशलला लावला. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं होतं. चूक माझी आहे, मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, तुझ्या वडिलांनी आयुष्यभर जमवलेलं माझ्या हातून गेलं.

कुशलने सगळं ऐकून घेतलं.

"अंकल, इट्स फाइन," तो म्हणाला. "ऑनेस्टली. डोन्ट वरी अबाउट इट. मी तर तेव्हाच टिपला नेणार होतो ना. आंटी कशी आहे?"

"बरी आहे. पण कुशल, ती पुस्तकं पुन्हा मिळणार नाहीत. काही तर कुठेच नाहीत."

"आय नो, आय नो. पण आमच्याकडे कोण वाचणार होता?" मग समजूत घालावी तसं तो म्हणाला, "तुम्ही ट्राय केला, अंकल. बाबांना आवडला असता."

हरिदासांनी हाउन्सलोला लावला. देविका रामटेके गाडी चालवत होती.

"कुठली पुस्तकं, काका?" तिने विचारलं.

त्यांनी आठवण करून दिली.

"ओ, ती होय. काही हरकत नाही हो. मला वाटलं तुमच्याकडे कोणाला काही झालं."

बेडफर्डच्या माणसाचा फोन व्हॉइसमेलवर गेला, त्यांनी निरोप ठेवला, पण त्याने उलट फोन केला नाही. बर्मिंगहॅमच्या बाईने उलट त्यांचेच आभार मानले.

संध्याकाळी शशिधर डबा घेऊन आला तेव्हा हरिदास अंधारातच बसले होते. शशिधरने दिवा लावला.

"कोणी चिडलं नाही," हरिदास म्हणाले. "एकही जण चिडला नाही, शशी."

"मग बरं झालं की."

"बरं? माझ्या बापाचं कोणी असं सडवलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन बसलो असतो." "तू तरी बोल. तू म्हणाला होतास भोक बुजवू नको. पंखा बसव म्हणाला होतास. बोल नं."

शशिधरने ताटात भाजी वाढली. "भोक उघडं असतं तरी खालून पाणी आलंच असतं," तो म्हणाला. "आता काय बोलू मी? जेव."

हरिदास जेवले नाहीत.

दोघांनी काळ्या पिशव्या भरल्या आणि शशिधरच्या गाडीतून टिपवर नेल्या. हरिदास कागदाच्या कंटेनरकडे वळले तर पिवळ्या जाकिटातल्या माणसाने एका पिशवीत डोकावून हात हलवला. बुरशी लागलेला कागद रिसायकलिंगला चालत नाही, साध्या कचऱ्यात टाका. साध्या कचऱ्याच्या कंटेनरमध्ये गाद्या, खेळणी, फुटक्या कुंड्या होत्या. हरिदासांनी पहिली पिशवी टाकली. ती फाटली आणि एक मासिकाचा अंक उघडा होऊन गादीवर पडला. वरच्या मथळ्याचं मराठी अक्षर लांबूनही वाचता येत होतं. दुसरी पिशवी त्यांना उचलवेना. बाकीच्या शशिधरने टाकल्या. हरिदास गाडीत बसून राहिले.

शशिधरनेच दोन दिवसांत प्लास्टरबोर्ड उपटून काढले. मागचा सिमेंटचा लेप भिंतीवरून पापुद्र्यांनी सुटला होता. कोळशाच्या भोकातला फोम काढला तशी गार हवा आत आली.

सिंधुबाई घरी आल्या. हातात श्वासाच्या औषधाचे दोन पंप, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. तळघराच्या दाराकडे त्या पाहत नसत. नवऱ्याला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. हरिदासांनी एकदा स्वयंपाकघरात उभं राहून दादाच्या पुस्तिकेबद्दल काही म्हणायचा प्रयत्न केला.

"ती वर ठेवू का म्हणून विचारलं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. "मीच नाही म्हटलं." आणि पोळी उलटली.

त्यानंतर तो विषय निघाला नाही. इतरही विषय फारसे निघेनासे झाले. हरिदास सकाळी उशिरा उठू लागले. दाढी दोन-तीन दिवस राहून जाई. रचनाने फोनवर विचारलं की ते म्हणत, काही नाही, थंडी आहे.

एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता, दरवर्षीसारखा, स्पोर्ट्स सेंटरच्या हॉलमध्ये. हरिदासांनी चाळीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. त्या सकाळी सिंधुबाईंनी त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. ते पलंगावर बसून सदऱ्याकडे पाहत राहिले.

"तू जा," ते म्हणाले. "शशी नेईल तुला."

"तुम्ही?"

"मला नाही जमणार."

सिंधुबाईंनी आग्रह केला नाही. शशिधरची गाडी आली, त्या गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा हरिदास बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर होते. आवाज बंद होता, उद्याच्या हवामानाचा नकाशा दिसत होता. सिंधुबाईंनी खिरीचा डबा टेबलावर ठेवला आणि कोट काढू लागल्या. जिना चढल्यासारखी त्यांना धाप लागली होती.

"गर्दी होती?"

"होती. पोरांनी नाच बसवला होता. छान झालं."

"माझी चौकशी केली कोणी?"

"सगळ्यांनीच. बरं नाही म्हणून सांगितलं."

"आणि वाचनालयाची?" हरिदासांनी विचारलं.

सिंधुबाईंचा हात कोटाच्या बटणावर थांबला. खोटंच सांगायचं तर दोघा-तिघांची नावं त्यांना सहज घेता आली असती. ती नावं त्यांच्या ओठांवर आलीही होती. पण हा माणूस उद्या त्या लोकांना फोन करेल, हे त्यांना ठाऊक होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "कोणी नाही विचारलं."

हरिदासांनी मान हलवली, जणू एवढीच खात्री त्यांना करून घ्यायची होती. सिंधुबाईंनी वाटीत खीर काढून त्यांच्या हातात दिली आणि त्या शेजारी बसल्या. हरिदासांनी एक चमचा खाल्ला, वाटी खुर्चीच्या हातावर ठेवली आणि नकाशावर पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या पावसाच्या निळ्या पट्ट्याकडे ते पाहत राहिले.